रिकाम्या पंपानं फवारणी दिसत नाही



या पेजवर मी सोयाबीन, तूर, हरभरा सोडून सहसा बाहेर जात नाही. पण दिवाळीपासून एकच प्रश्न फिरून फिरून येऊन राह्यला. "काका, तुम्ही मोबाईलसमोर घरच्यासारखं बोलता. आम्ही उभं राह्यलो की जीभ टाळूला चिकटते. कसं जमवायचं?" विचारणाऱ्यांत शेतकरी आहेत, दोन कृषी सहायक आहेत, अन् एक साहेब तर पीएचडी झालेले आहेत. त्यांचं म्हणणं, वावरात शेतकऱ्यांशी दोन तास बोलतो, पण कॅमेरा सुरू झाला की पुस्तक वाचल्यासारखं होतं.

मी दहावी पास माणूस. नाट्यशास्त्राचं काही शिकलो नाही. लहानपणी गावात दंडार पाह्यली, पुढं गणपतीच्या नाटकात दहा-बारा वर्षं कामं केली, एवढंच भांडवल. पण औंदा पावसाळ्यात एका छोट्या सिनेमात काम केलं, अन् त्यात जे कळलं ते लिहून ठेवावं वाटलं.

आमच्या गावचा एक पोट्टा पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकून आला. त्यानं फवारणीच्या विषबाधेवर सोळा मिनिटांची गोष्ट लिहिली. विषय काहून निवडला ते सांगायची गरज नाही. 2017 साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकाच पंपात, अन् तोंडाला बांधायला साधा रुमाल. मरणारे बहुतेक शेतकरी अन् रोजानं फवारणारे मजूर होते. वाशिम काही दुसऱ्या देशात नाही. आमच्याकडंही तेच पंप, तीच औषधं.

मला काम दिलं फवारणाऱ्या माणसाचं. बचत गटातल्या एक वहिनी माझी बायको झाल्या अन् शेजारचे भाऊ झाले दुकानदार. पाच दिवस आमच्याच वावरात शूटिंग चाललं.

पहिल्या दिवशी पंप रिकामा होता. औषध भरायचा तर प्रश्नच नव्हता, अन् पाणी भरायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोनदा घेऊन पाह्यलं. पोट्टा म्हणाला, "काका, तुमी चालून चांगले राह्यले, पण खांदा खोटं बोलून राह्यला." मंग दुकानातून नवा कोरा पंप आणला अन् त्यात पंधरा लिटर साधं पाणी भरलं. पंधरा किलो पाण्याचं वजन, वरून पंपाचं. पट्टा खांद्यात रुतला, मान आपोआप पुढं आली, पाय चिखलात जड पडायला लागले. मला काहीच करावं लागलं नाही. त्या दिवसापासून आमच्यात म्हण झाली, आधी पंपात पाणी भरा. (शूटिंगसाठी वापरातला जुना पंप घेऊ नका. कितीही धुतला तरी आत औषध राहते. नवा घ्या, नंतर फवारणीला वापरता येतो.)

हे पहिलं अन् सगळ्यात मोठं. कॅमेऱ्यासमोर खरं वजन उचला, खरं काम करा. चहा प्यायचा असेल तर कपात गरम चहा पाह्यजे. बोळकं उघडायचं असेल तर झाकण घट्ट बसलेलं पाह्यजे. शरीर कामात गुंतलं की चेहरा आपसूक मोकळा होतो. त्या पोट्ट्यानं सांगितलं की रशियात स्तानिस्लाव्हस्की नावाचा मोठा नाट्यगुरू होऊन गेला, 1863 ते 1938. त्यानं आयुष्यभर नट शिकवले अन् म्हातारपणी याच गोष्टीवर जास्त जोर दिला: भावना ओढून आणू नका, पात्राला जे काम करायचं ते नीट करा, भावना मागून येते. मला हे ऐकून गंमत वाटली. आपण बैलाला हेच म्हणतो की, आधी जू मानेवर येऊ दे, चाल नंतर सुधारते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. विषबाधेचं दृश्य. मी मनात ठरवून गेलो होतो की छातीवर हात ठेवीन, डोळे फिरवीन, पडीन. स्टेजवर असंच करतात, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाह्यजे. पोट्टा म्हणाला, "काका, इथं शेवटची रांग नाही. कॅमेरा तुमच्यापासून चार फुटांवर आहे. त्याला पापणी हललेली पण दिसते." मंग तो आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी लक्षणं सांगितली. घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटत राहते, मळमळते, डोळ्यापुढं धूसर होते, काही औषधांत डोळ्याची बाहुली बारीक टिपक्याएवढी होते, दंडाचं, पापणीचं मांस फडफडते. छातीवर हात ठेवून कोणी पडत नाही. माणूस सुरुवातीला म्हणतो, "ऊन लागलं असल." धुऱ्यावर बसतो, पाणी पितो, बिडी पेटवतो, अन् पुन्हा पंप उचलतो.

त्यातली बिडी अन् पुन्हा पंप उचलणं हेच दृश्य ठरलं. पोट्ट्यानं सांगितलं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: "त्रास होऊन राह्यला ते दाखवू नका काका, त्रास लपवून राह्यले ते दाखवा." खरा माणूस लपवतो. घरच्यांपासून, मालकापासून, स्वतःपासून. मी नळीचं नोझल पुसायचो, पण नजर धूसर म्हणून दोनदा बोट चुकायचं. एवढंच. ते पडद्यावर पाह्यलं तेव्हा माझ्या घरच्यांनी मान फिरवली.

हे समजल्यावर मी 'गाभ्रीचा पाऊस' पुन्हा पाह्यला. सतीश मनवर यांचा, 2009 चा. आपल्या विदर्भातली गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला, म्हणून अलकाच्या मनात भीती बसते की आपला किसनाही असं करीन. ती पोराला त्याच्या मागं लावते, त्याला चांगलंचुंगलं करून वाढते. सोनाली कुलकर्णी यांनी ती भीती एकदाही ओरडून दाखवली नाही. ती ताट वाढते, त्याच्याकडं पाहते, दुसरंच काही बोलते, अन् आपल्याला भीती दिसते. गिरीश कुलकर्णी यांचा किसना तर प्रेक्षकांकडं कीव मागतच नाही. त्याला पेरणीची घाई आहे. पाऊस यावा एवढीच त्याची मागणी. मला विचाराल तर शेतकऱ्याचं काम करणाऱ्या नटांमध्ये निम्मे नट तिथंच घसरतात. धोतर नेसलं, कपाळाला हात लावला की शेतकरी झाला, असं त्यांना वाटते. कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी मी पन्नास वर्षांत मोजकाच पाह्यला. जास्त नुकसान झालेला माणूस जास्त काम काढतो.

मराठी सिनेमाचा अन् शेतीचा संबंध तसा जुना. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आणला हे सगळ्यांना माहीत. पण त्याच्या आधी पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा लावला अन् रोज थोडं थोडं चित्र घेत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर डोळ्यापुढं उभी राह्यली. म्हणजे आपल्या सिनेमातला पहिला नट वाटाणा होता म्हणायला हरकत नाही, अन् त्यानं अजिबात अभिनय केला नाही. पुढं 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. त्या सिनेमाच्या सुरुवातीला ती छोटी पोरगी वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मुका जमाना होता, चेहऱ्यावरच सगळं. बाबुराव पेंटर यांचा 1925 चा 'सावकारी पाश' तर कर्जात जमीन गेलेल्या शेतकऱ्याचाच. त्यातला तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम.

निळू फुले यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. पोटापाण्यासाठी ते आधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, अन् सेवा दलाच्या कलापथकात कामं करत. 'एक गाव बारा भानगडी' 1968 चा, तिथून सिनेमात आले. गावोगावच्या बायांनी त्यांना बोटं मोडली, एवढं त्यांचं काम पटायचं. त्यांचे सीन मोबाईलवर आवाज बंद करून पाहा. हातवारे फार नाहीत, मान थोडी तिरपी, डोळे अर्धे मिटलेले. मंग आवाज सुरू करा. दुसरे खलनायक आवाज चढवत, हे खाली नेत. खालच्या आवाजात दिलेल्या धमकीची भीती जास्त वाटते. माणूस आपल्याकडं कान देऊन ऐकतो. व्हिडिओत बोलणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे. आपले भाऊ मोबाईल हातात आला की ग्रामसभेत बोलल्यासारखे सुरू होतात, "तमाम शेतकरी बांधवांनो!" अरे बाप्पा, समोर एकच माणूस आहे, रात्री जेवून खाटेवर पडलेला, मोबाईल छातीवर. त्याच्याशी बोला.

अन् 'कोर्ट' पाहा. चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यात शाहीर नारायण कांबळेंचं काम केलं नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते, आयुष्य मोर्चा अन् सभेत गेलेलं. एप्रिल 2021 मध्ये कोरोनात गेले. त्या सिनेमात कॅमेरा लांब, एका जागी उभा राहतो, अन् माणसं आपापलं काम करत राहतात. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे पण सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला पोरगा, शाळेतला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सांगायचं कारण एवढंच की खेड्यातल्या माणसाला कॅमेऱ्याचं काम जमत नाही हा समज डोक्यातून काढून टाका. आपल्याजवळ चाल आहे, बोली आहे, हाताला घट्टे आहेत. मुंबईच्या नटाला हे सगळं शिकावं लागते.

आता रोजच्या व्हिडिओबद्दल, कारण विचारणाऱ्या बहुतेकांना सिनेमा करायचा नाही, पिकाची माहिती सांगायची आहे.

हाताला काम द्या. सोयाबीनबद्दल बोलायचं तर बोलता बोलता झाड उपटा, मुळाची माती झटका, गाठी दाखवा, एक गाठ नखानं फोडा अन् आतला गुलाबी रंग कॅमेऱ्याजवळ न्या. गुलाबी म्हणजे गाठ नत्र धरून राह्यली. हे करताना तुमची जीभ टाळूला चिकटूच शकत नाही, कारण तुमचं लक्ष गाठीत असते. मी सांगितल्यावर त्या पीएचडी साहेबांनी असंच केलं. त्यांनी व्हिडिओ पाठवला, त्यात पहिल्यांदा ते वावरातल्यासारखे बोलले.

पाठ करू नका. काय सांगायचं ते ठरवा, कसं सांगायचं ते तोंडावर सोडा. पाठ केलेला माणूस डोळ्यांवरून ओळखू येते, तो आतल्या आत वाचत असतो. फक्त औषधाचं प्रमाण, बियाण्याचं वजन, तारीख, हे आकडे कागदावर लिहून जवळ ठेवा अन् कागद पाहून सांगा. त्यात लाज नाही. उलट आकडा पाहून सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

माहितीचा व्हिडिओ असेल तर नजर मोबाईलच्या वरच्या बारीक भिंगात पाह्यजे. आपण पाहतो पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याकडं, म्हणून पाहणाऱ्याला वाटते हा दुसरीकडंच पाहून राह्यला. शक्य असेल तर मागचा कॅमेरा वापरा अन् मोबाईलच्या मागं ओळखीचा माणूस उभा करा, त्यालाच सांगा. गोष्ट असेल, नाटुकलं असेल, तर उलट. भिंगाकडं चुकूनही पाहायचं नाही. आमच्या दुकानदार भाऊंची पहिल्या दिवशी हीच पंचाईत, प्रत्येक वाक्य झालं की कॅमेऱ्याकडं पाहत, बरं झालं का म्हणून. शेवटी पोट्ट्यानं त्यांच्या हातात खरी पावती-पुस्तिका दिली अन् म्हणाला, प्रत्येक गिऱ्हाइकाची पावती फाडा. भाऊ पावती लिहिण्यात इतके गुंतले की कॅमेरा विसरले. त्यांचं काम माझ्यापेक्षा चांगलं झालं असं गावाचं मत आहे, अन् माझंही.

उजेड सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर. भर दुपारी टोपीची सावली डोळ्यावर येते, अन् डोळे दिसले नाहीत तर सगळं गेलं. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा, मोटार बंद करा, माईकला स्पंजचा तुकडा लावा. याच्यावर जास्त लिहीत नाही, पोट्ट्यापोट्टींना सगळं माहीत आहे.

एक गोष्ट मात्र सविस्तर लिहायची आहे. अभिनय शिकायचा म्हणजे खोटं बोलायला शिकायचं का, असं एका दादांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. दोन वर्षांमागं एक कंपनीवाले आमच्या वावरात आले, नाव घेत नाही. त्यांचं टॉनिक मी दोन एकरात मारलं होतं. कॅमेरा, छत्री, सगळं आणलं. त्यांच्या पोरानं कागद दिला, त्यावर लिहिलेलं, एकरी तेरा क्विंटल झाले. हडंब्यातून निघालेलं सोयाबीन मी स्वतः काट्यावर घातलं होतं, एकरी आठ क्विंटल चाळीस किलो. मी म्हटलं, मी आठ चाळीस म्हणीन. तो म्हणाला, "काका, ॲक्टिंगच तर करायची आहे." मी म्हटलं, "बापू, नाटकात मी राजा झालो तेव्हा लोकांना माहीत होतं हा राजा नाही. इथं लोक मले मी समजून पाहीन, अन् त्याच्यावर पुढच्या साली औषध घेईन." तो व्हिडिओ निघालाच नाही. जेवण मात्र जेवून गेले.

तसंच बातमीवाल्यांचं. परतीच्या पावसानं सोयाबीनची सुडी भिजली त्या साली एक जण आला होता. आमच्या शेजारच्या काकूंना म्हणे, "काकू, जरा रडा ना, म्हणजे सरकारला कळीन." काकू रडल्या नाहीत. त्यांनी सुडीत हात घातला, मूठभर शेंगा काढल्या अन् म्हणाल्या, "पाह्य बावा, शेंगातच कोंब आले." त्याला ते पुरेसं वाटलं नाही, तो दुसऱ्या वावरात गेला. पण तिथं उभ्या एका पोरीनं मोबाईलवर घेतलेले ते दहा सेकंद सगळ्या तालुक्यात फिरले, अन् पंचनाम्याच्या वेळी साहेबांनी स्वतःहून विचारलं, "त्या कोंबवाल्या काकू कोणत्या?" सिनेमाची गोष्ट वेगळी, तिथं मी विष न पिता विषबाधा झालेला माणूस होतो अन् सगळ्यांना ते माहीत होतं. पण दाखवलेली लक्षणं खरी होती, डॉक्टरांकडून तपासलेली. खोट्या लक्षणांचा सिनेमा केला असता तर कोणी खरी लक्षणं ओळखायला चुकला असता.

आमचा सिनेमा देवळासमोर पडदा लावून दाखवला. दीड-दोनशे माणसं असतील. माझ्या तोंडाला पाणी सुटते त्या जागी पोट्टे हसले, मंग गप्प झाले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं फवारणीला येणारा मजूर पंपाजवळ आला अन् म्हणाला, "भाऊ, मले हातमोजे अन् तोंडाचं पाह्यजे. नाही तर मी येत नाही." दहा वर्षांत त्यानं कधी मागितलं नव्हतं. मी त्याच दिवशी वाशिमहून दोन संच आणले, चष्म्यासकट. त्यानं चष्मा घालून वास मारते म्हणून दोनदा काढला, मी दोनदा घालायला लावला. बाटलीवरचा त्रिकोण पण आता तो मला विचारतो, लाल का पिवळा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मंग पिवळा, निळा, हिरवा. आणि हे सिनेमात आहे तरी इथं पुन्हा लिहितो: फवारताना कोणाला मळमळ, धूसर दिसणं, जास्त घाम असं झालं तर काम थांबवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा, 108 ला फोन लावा अन् औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. डॉक्टरला उपचार ठरवायला ते लागते.

पुढचा सिनेमा उन्हाळ्यात करायचं ठरून राह्यलं. विषय घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती. शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्यावर ओळीनं ठेवायचे, गुंडाळायचे, सावलीत ठेवून पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला घ्यायचं. यात एक सासरा पाह्यजे, ज्याला हे सगळं थोतांड वाटते. साठीच्या पुढचे, मिशीवाले, भांडायला तयार असलेले कोणी असतील तर कळवा. पाठांतर नाही. दाणे मात्र खरेच मोजावे लागतील, शंभरच्या शंभर, कॅमेऱ्यासमोर. शूटिंग सकाळी सातला सुरू होते, जेवण आमच्या घरी.